'होस्टिलिटी'ला शत्रुत्व, आकस की वैर?

फोंडेकर: वाचनालयाच्या परिसंवादासाठी एका इंग्रजी टिपणाचा अनुवाद करतोय. विषय: अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरून समाजमाध्यमांत होणारे वाद आणि राजकीय मतांपायी त्यांत येणारी 'होस्टिलिटी'. मी 'शत्रुत्व' लिहिलं. समितीतल्या वकीलबाई म्हणाल्या, काढा, हा कलमातला शब्द आहे. दुसरा सुचवा.

म्हापसेकर: बाईंचं बरोबर आहे. दंड संहितेचं १५३-अ, आता न्याय संहितेचं १९६: गटागटांत शत्रुत्व वाढवणे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कोणी चार कडक वाक्यं लिहिली आणि तुम्ही त्याला 'शत्रुत्व' म्हणालात की उद्या तोच शब्द तक्रारीत उतरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ मध्ये 'त्रास', 'गैरसोय' असले सैल शब्द होते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलमच रद्द केलं, त्याचं एक मोठं कारण हा सैलपणा. 'आकस' लिहा.

सत्तरीकर: आकस मनात असतो हो. इथे लोक उघड अंगावर येतात. 'खुन्नस' का नको?

डिचोलीकर: हिंदीची उसनवारी कशाला? 'वैर' आहे की. 'वीर'वरून आलेला, समोरासमोरचा. आणि टिपणात 'ट्रोल' असेल तर 'जल्पक' करा. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे वाद, जल्प, वितंडा असे तीन प्रकार. वादात सत्य शोधायचं, जल्पात काहीही करून जिंकायचं, वितंडेत स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची मोडायची. इतका नेमका शब्द घरात असताना बाहेर का जायचं?

सत्तरीकर: जल्पक पेपरात वाचलाय, कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. मुलगी 'मला ट्रोल केलं' म्हणाली तेव्हा लगेच कळलं. म्हादई नदीच्या प्रश्नावर तिनं मराठीत दोन ओळी लिहिल्या होत्या. खाली पहिलंच उत्तर, 'घाटी, परत जा'. घाटी म्हणजे घाटापलीकडून आलेले, बाहेरचे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गोव्यातल्या वाळपईचे. परत कुठे जायचं?

काणकोणकर: हे दोन्हीकडून चालतं. मी कोंकणीतून लिहिलं की 'मराठीद्वेष्टा' ठरतो. कोंकणीला गोव्याची राजभाषा करणारा कायदा १९८७ चा, पण भांडण अजून तसंच.

डिचोलीकर: मराठीला राजभाषेचा दर्जा मागणं हा द्वेष कसा?

काणकोणकर: तसं मी म्हटलेलं नाही. तुम्ही न वाचताच उत्तर दिलंत.

म्हापसेकर: १८ जून १९४६ ला मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या काळात मजकूर छापण्याआधी सेन्सॉरकडे जायचा. ज्या गोव्यानं हे भोगलं, तिथे 'घाटी' लिहिणाऱ्याचंही तोंड पोलिसांकरवी बंद करू नये. उत्तर द्यावं.

सत्तरीकर: भाऊ, पोलिसांत कोण जातंय? पण त्या दिवसापासून तिनं लिहिणं सोडलं. एका दुपारी शंभरेक जण तुटून पडले, ती कुणाकुणाला उत्तर देणार? तिला गप्प करायला सेन्सॉर लागला नाही. तिच्या स्वातंत्र्याचा हिशोब तुमच्या मांडणीत कुठे आहे?

म्हापसेकर: प्रश्न रास्त आहे. तरीही कायद्याची वाट मला पटत नाही.

फोंडेकर: मंडळी, पत्रक गुरुवारी छापायला जातंय. शब्द?

काणकोणकर: आमच्यात 'दुस्मानकाय' म्हणतात. मराठीत सरळ 'दुश्मनी' करा.

डिचोलीकर: ती फारसी.

सत्तरीकर: मग 'कायदा'ही काढा, तो अरबी.