मदत हवी आहे: आईच्या डोळ्यांसाठी नुसता आहार पुरेल की गोळ्या पण द्याव्यात?

आई ६८ ची आहे, हल्ली पेपर वाचताना मधलीच अक्षरं पुसट दिसतात म्हणते आणि सुईत दोरा ओवायला मला हाक मारते. तपासणीत ड्राय मॅक्युलर डिजनरेशन (वयामुळे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजणं) निघालं, अर्ली स्टेज, आणि डॉक्टर "पालेभाज्या खा" एवढं बोलून पुढच्या पेशंटकडे वळले! मी वाचलं त्यात पालक, अंड्याचा बलक यातलं ल्युटिन (एक पिवळं रंगद्रव्य) पडद्यासाठी चांगलं आणि थोडं तेल असेल तर ते नीट शोषलं जातं, म्हणून आता पालक कच्चा न देता परतूनच देते. पण खरी गोची अशी की ती रक्त पातळ व्हायला वॉरफरिन घेते आणि पालकात त्या गोळीचा परिणाम कमी करणारं व्हिटॅमिन के भरपूर, मग रोज किती द्यायचा? शिवाय नातेवाईक एआरेड्स-२ च्या गोळ्या (याच आजारासाठीच्या व्हिटॅमिन-झिंकच्या) आणून द्यायला निघालेत, त्यात रोजचं ८० मिलीग्रॅम झिंक, आणि २०१३ चा त्या गोळ्यांचा अभ्यास तर इंटरमीडिएट (मधल्या) किंवा त्यापुढच्या स्टेजच्या लोकांवर होता ना, मग अर्लीला कशाला? कुणाच्या घरी वॉरफरिन आणि डोळे दोन्ही सांभाळताय का? आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) न हलवता भाजीचं प्रमाण कसं ठरवलंत ते प्लीज सांगा, डॉक्टरांना विचारणारच आहे पण अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे.