'जंक' पाटीखालची जुनी ग्रेको गिटार: घ्यावी का?

निशिकासाईकर:
टोकियोत नोकरीला आहे. शेजारच्या सैतामातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात ग्रेको या जपानी ब्रँडची, अमेरिकन कंपनी गिब्सनच्या 'लेस पॉल' मॉडेलच्या घाटाची इलेक्ट्रिक गिटार दिसली. 'जंक' पाटी, म्हणजे नंतर परत घेणार नाहीत. 28,000 येन. नेक (तारा दाबायची दांडी) चार स्क्रूंनी बसवलेली, मागच्या पट्टीवरचा नंबर एफ77 ने सुरू होतो. नेकजवळचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकी कॉइल) मुका आहे, व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते आणि बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) तारा बऱ्याच उंच आहेत. दुकानदार म्हणतो 'लॉसूट' काळातली, म्हणजे जपानी नकलांवर अमेरिकेत दावा लागला तेव्हाची आहे. सोल्डरिंग जमतं, लाकडाला मात्र कधी हात लावलेला नाही. पुढच्या वर्षी पुण्याला परततोय. घेऊ का?

खुंटीपिळ्या:
एफ म्हणजे सहावा महिना, म्हणजे जून 1977 ची. मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यातली असणार.

'लॉसूट'साठी एक येनही जास्त देऊ नका. गिब्सनची तेव्हाची मालक कंपनी नॉर्लिन हिने 1977 मध्ये फिलाडेल्फियात दावा लावला तो एल्गरवर, म्हणजे आयबानेझ गिटार विकणाऱ्या होशिनो या जपानी कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेवर. भांडण होतं हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाच्या, आकाराचं, आणि 1978 मध्ये ते कोर्टाबाहेर मिटलं. ग्रेको हा कान्दा शोकाई कंपनीचा, जपानात विकायचा ब्रँड. त्याचा त्या दाव्याशी संबंध नाही.

आता मुका पिकअप. दुकानात मल्टिमीटर आणि केबल घेऊन जा. केबल गिटारला जोडा, स्विच त्या पिकअपवर, व्हॉल्यूम पूर्ण, आणि मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला लावा. सात-आठ किलोओहम आले तर पिकअप बहुतेक शाबूत. काहीशे किलोओहम आले तर मीटरला फक्त पॉट (व्हॉल्यूमच्या नॉबखालचा भाग) दिसतोय: पिकअपची तार किंवा तिचा सांधा तुटलाय. काहीच आलं नाही तर स्विचवर संशय घ्या. यातलं सगळं दुरुस्त होतं.

खरा सौदा नेकवर ठरतो. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या-आठव्यापाशी फट बघा. कागद जेमतेम जाईल एवढी असेल तर उत्तम. मोठी असेल तर ट्रस रॉडची (नेकच्या आतल्या सळईची) नट आणखी फिरते का हे विचारा. पूर्ण आवळूनही नेक वाकलेलीच असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

नेक सरळ, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो आधार) तळाला आणि तरी तारा उंच, असं असेल तर दोष नेक बसवलेल्या कोनाचा. इथे लोक ज्या चार स्क्रूंना नाकं मुरडतात तेच तुम्हाला वाचवतील: नेक काढा, खाचेत पातळ शिम (पाचर) ठेवा, झालं. चिकटवलेल्या नेकला याच कामासाठी वाफ आणि कारागीर लागतो.

पॉट बदलायचेच तर मेट्रिक मापाचे घ्या. अमेरिकन पॉटसाठी भोक मोठं करावं लागतं आणि जुन्या नॉब त्यावर बसत नाहीत. आधी काँटॅक्ट क्लीनर मारून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. आणि कृपा करून पॉलिश खरवडू नका.

रात्रीचा_रियाज:
या किमतीत पिकअपच्या खाचेत डोकवा. स्क्रूवाल्या बऱ्याच ग्रेकोंचा वरचा फुगीर भाग दाबून वाकवलेल्या प्लायवूडचा असतो, खाली पोकळी. मला तो आवाज आवडतो, पण मोठ्या अँपवर फीडबॅक (शिट्टी) लवकर येतो. मी असतो तर 20,000 च्या वर गेलो नसतो.

पुण्याला नेताना नेक सुटी करा, सुटकेसमध्ये मावेल. गिटारमधल्या रोजवूड लाकडाची चिंता नको: नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना साइटसच्या (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्यातून सूट आहे, ब्राझिलियन रोजवूड सोडून. कस्टमसाठी बिल मात्र जपा.

निशिकासाईकर:
काल जाऊन आलो. मीटरवर 430 किलोओहम. नेकची फट कागदाएवढी, ब्रिज तळाला टेकलेला. आत पोकळी आहेच. दुकानदार 24,000 वर आला, घेतली. पिकअप आता गुंडाळायला द्यावा लागेल ना?

खुंटीपिळ्या:
थांबा. कव्हर काढायच्या आधी पिकअपच्या वायरचा पॉटवरचा सांधा तापवून पुन्हा जोडा आणि परत मीटर लावा. तरी 430 च आले तर मग कव्हर उघडा आणि आतली बारीक तार बाहेरच्या जाड वायरला जिथे जोडलेली असते तिथे बघा. कॉइलच्या पोटात तुटण्यापेक्षा तिथे तुटायची शक्यता जास्त.