मदत हवी आहे: शेजाऱ्यांचा गट आणि पोलीस यांचं काम कसं जुळवायचं?

आमच्या गल्लीत रात्री उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला जातायत, काही बंद घरांची कुलपंही फोडली गेली. शेजाऱ्यांनी व्हॉट्सॲप गट केला, बंद पडलेले दिवे सुरू करून घेतले, बाहेरगावी जाणारे एकमेकांना सांगून जातात. चोरी किरकोळ असली तरी तक्रार नोंदवतोच. नोंदच नसेल तर गस्त कुठे वाढवायची हे पोलिसांना कळणार कसं?

अडचण पुढची आहे. गटावर 'संशयित' म्हणून कुणाचेही फोटो फिरू लागलेत. परवा तर पार्सल द्यायला आलेल्या एका मुलाला अडवून उलटतपासणी झाली. मला हे अजिबात मान्य नाही. लोकांना पकडणं, झडती घेणं आमचं काम नव्हे. पाहायचं, वेळ आणि गाडीचा नंबर टिपायचा, कळवायचं, एवढंच. खासगी सुरक्षारक्षकांचा खर्च झेपणारा नाही, त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नका.

ठाण्यातले अधिकारी भेटायला तयार असतात, पण त्यांच्या बदल्या होतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. ज्यांच्याकडे असा उपक्रम टिकलाय, त्यांनी सांगावं: पोलिसांशी बोलायला एकच माणूस नेमलात की आळीपाळीने? आणि गटावर काय टाकायचं, काय थेट पोलिसांनाच कळवायचं, हा नियम कसा ठरवलात?