गाडी तापली तेव्हा… अनुभव येऊ द्या

घाटवळण
परवा कुंभार्ली घाटात एक जण बॉनेट उघडून कमरेवर हात ठेवून उभा दिसला आणि मे १९९७ आठवला. चिपळूणहून कराडला निघालेलो. बाबांची मारुती ८००, आत सहा माणसं, टपावर आंब्याच्या दोन पेट्या. पोफळी सोडली नि काटा लालकडे सरकायला लागला. बाबांचं एकच, "माथ्यावर थांबू." दोन वळणांनी काटा धपकन खाली! आई म्हणाली, "बघा, झाली गार." आम्ही पोरांनी टाळ्या पिटल्या. पाच मिनिटांत गाडी बंद.
खालचा होजपाइप फाटून पाणी सगळं रस्त्यावर गेलं होतं. मेस्त्री म्हणाला, सेन्सर पाण्यात असेल तरच काटा खरं बोलतो, कोरडा पडला की थापा. इंजिनचं हेड वाकलं, त्याखालचं सील, म्हणजे गॅस्केट, गेलं. आंबे शाबूत.

सातबारा
सहाच? आम्ही आठ जण बसायचो, शिवाय स्टो.

मावशीबोली
कन्नड घाट, मे महिना, काटा वर. नवऱ्याने एसी बंद करून हीटर फुल्ल सोडला, इंजिनची आग आत ओढायला. मागे सासूबाई. काटा उतरला, सासूबाईंचा पारा अजून नाही उतरला 😂

घाटवळण
@मावशीबोली 😂😂

पुणेरी_क्लच
माझी सिग्नलला तापायची, एक्सप्रेसवेला एकदम गार. गॅरेजवाल्याने आधी वॉटरपंप बदलला, मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. शेवटी निघाला पंख्याचा फ्यूज. पळताना वारा आपोआप लागतो हो, उभं राहिलं की पंखाच हवा! इतकं साधं. पंपाचे पैसे गेले ते गेलेच.

नाना_लातूर
आमच्याकडे बोअरचं पाणी. दोन वर्षं तेच ओतलं. रेडिएटर खोलला तर आत बंबासारखा क्षार. आता कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं निम्मं.

सुगरण७
बंब! आमचा तांब्याचा अजून आहे, माळ्यावर. कोणाला हवाय का?

नाना_लातूर
फोटो टाका ताई.

चिंतू
माझी आत्ता तापतेय. रेडिएटरचा वरचा पाइप चटका बसेल इतका गरम, खालचा गार. काय असेल? झाकण उघडून बघू का?

पुणेरी_क्लच
नको!!! गरम असताना झाकणाला हात लावू नकोस. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं. माझ्या काकांच्या हातावर डाग आहे अजून. अर्धा तास जाऊ दे. थर्मोस्टॅट उघडत नसेल, नाहीतर रेडिएटर चोंदलाय.

घाटवळण
आणि ऑइलचं झाकण काढून बघ. आतून सायीसारखा पांढरा चिकटा असेल तर गॅस्केटमधून पाणी ऑइलमध्ये शिरत असेल. मग चालू करू नकोस, टो कर.

चिंतू
साय नाही. थांबलोय. शेजारी वडापाववाला आहे.

सातबारा
मग तक्रार कसली?

सुगरण७
फोटो टाकलाय, नाना. तोटी थोडी गळते.