'मीच सोडलं तिला!' : ब्रेकअपनंतर मारलेल्या फुशारक्या

दादरचा_दादूस:
ऑफिसातल्या एका पोराचं ब्रेकअप झालं. तेव्हापासून पठ्ठ्याने जिम लावलीय आणि रोज स्टेटस, 'आपल्याला काय फरक पडत नाय'. बघून माझं २००९ आठवलं. सी लिंक नुकताच सुरू झालेला, हिने मला नारळ दिलेला, आणि पुस्तकं परत हवीत म्हणून तिचा फोन आला. मी म्हटलं आज नाही जमणार, नवीन मैत्रिणीला बाईकवरून सी लिंकला नेतोय, काल पण गेलेलो, वारा काय लागतो म्हणून सांगू! ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, अरे पण तिथे बाईकला बंदी आहे ना?
टाका तुमच्या पण.

पार्लेकर_पक्या:
मेलो हसून. माझं ऑर्कुटवर. 'तुझी आठवणही येत नाही' असा स्क्रॅप टाकला आणि रोज रात्री तिचं प्रोफाइल उघडून बसायचो. कोण येऊन बघून गेलं ते तिला दिसतं हे मला कोणी सांगेल तर ना! २०१४ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा लोक हळहळत होते, मी पेढे वाटायचा बाकी होतो

मुक्काम_गिरगाव:
मी थेट लग्नालाच गेलेलो. मे महिना, भाड्याचा कोट, वर गॉगल, बघ म्हटलं काय गमावलंस. दारातच तिच्या मामांनी धरलं, 'आलास, बरं झालं, वाढायला माणसं कमी पडतायत'. कोट खुर्चीला, मठ्ठ्याची किटली हातात. नवरदेवाने परत परत मागितला आणि मी वाढत राहिलो, तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं कारण नजर वाटीवर, सांडला असता तर शालूवर. माणूस बाकी चांगला निघाला, म्हणाला तुम्ही पण बसा आता.

बोरिवलीची_बाय:
मी सगळीकडे सांगितलेलं मीच सोडलं त्याला, आणि पार्लरात जाऊन कमरेपर्यंतचे केस उडवले, बॉयकट. घरी आजी म्हणे, कोण गेलं गं? म्हटलं उकडतंय. रडू आलं ते संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये, डोळे पुसायला हात वर निघेना, त्यात बोरिवलीची असून चढले म्हणून बायका बोलल्या ते वेगळंच

विरारवाली:
पण चढायचंच कशाला? बोरिवलीला ढीगभर लोकल आहेत

बोरिवलीची_बाय:
ताई ब्रेकअप झालेलं हो

विरारवाली:
झालं असेल गं, पण दार अडवता ना तुम्ही. केस वाढले का परत?

पार्लेकर_पक्या:
गिरगावकर, मठ्ठा कसा होता? घरी लग्नासारखा जमतच नाही. (कुकरची शिट्टी झाली, आलोच)

मुक्काम_गिरगाव:
चाखायला मिळाला कुठे, किटली रिकामी झालेली. आलं-मिरची वाटून घाल, कोथिंबीर, मीठ, साखर जरा सढळ. ताक आंबट नको.

विरारवाली:
आणि जिरं?

मुक्काम_गिरगाव:
भाजून. फोडणी नाही, फोडणी दिली की मठ्ठा राहत नाही तो.