अभ्यासाच्या खोलीला रिपोज ग्रे की ॲग्रीएबल ग्रे?

पानगळ:
शेरविन-विल्यम्स या रंगांच्या कंपनीच्या या दोन छटांवर गाडी अडली आहे. शेडकार्डावर दोन्ही जवळपास जुळ्या वाटतात. खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला. जमीन तांबूस लाकडाची, पडदे मोतिया. दिवसभर मी इथेच बसून काम करते, त्यामुळे भिंत डोळ्यांना शांत वाटायला हवी. पण ढगाळ दिवशी खोली उदास दिसली तर मला अजिबात चालणार नाही. काय घेऊ?

रंगरेघ:
उजेडाच्या हिशेबाने दोन्ही सारख्याच. भिंत किती उजेड परत फेकते ते सांगणारा एलआरव्ही रिपोजचा 58, ॲग्रीएबलचा 60. खरा फरक झाकेत आहे. कोऱ्या पांढऱ्या कागदावर दोन्ही नमुने शेजारी ठेवा, लगेच दिसेल: रिपोज थंड, किंचित जांभळट, ॲग्रीएबल बेजकडे झुकणारा, उबदार. उत्तरेच्या खिडकीतून ऊन फारसं येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. त्यात रिपोज आणखी थंड पडेल. ॲग्रीएबलच घ्या, तांबूस जमिनीशीही त्याचं छान जमेल.

सांजदिवा:
सहमत, पण बल्ब विसरू नका. 2700 केल्विनच्या (बल्बाच्या उजेडाची छटा सांगणारा आकडा) पिवळ्या उजेडात ॲग्रीएबल बराच बेज दिसतो. 4000 केल्विनच्या आसपासचा, जास्त पांढऱ्या उजेडाचा बल्ब लावून पाहा.
आणि शेडकार्डावरून कृपया ठरवू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्या, कडेने पांढरी पट्टी सोडा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग मध्ये लुडबुडणार नाही. पूर्ण वाळल्यावरच बघा, आणि उभा धरून. आडव्या पुठ्ठ्यावर वरून उजेड पडतो, रंग फिका भासतो. खिडकी ज्या भिंतीत आहे तिथेही लावा. तिच्यावर थेट उजेड पडत नाही, त्यामुळे रंग सगळ्यात गडद तिथेच दिसतो.

पानगळ:
दोन्ही पुठ्ठे लावून पाहिले. खिडकीच्या भिंतीवर सकाळी रिपोज चक्क जांभळा दिसतो, पडदे शेजारी मळके वाटतात. ॲग्रीएबल दिवसभर शांत राहिला. संध्याकाळी थोडा पिवळसर वाटला, बल्ब बदलल्यावर तेही गेलं. ठरलं! छताला मात्र पडद्यांसारखा मोतिया द्यावा का?

रंगरेघ:
नको, छत पिवळट दिसेल. साधा पांढरा द्या, मॅट फिनिशमध्ये. भिंतींनाही चकाकी कमीच ठेवा, नाहीतर खिडकीचा उजेड एका बाजूने पडला की पुट्टीचे उंचवटे उठून दिसतात.