पेशंट मागतो म्हणून मशीन लावायचं का?

सांधेजोड (धागाकर्ती)

कंबर, मान नाहीतर गुडघा धरून माणूस येतो आणि खुर्चीत बसता बसता विचारतो, "मशीन लावणार ना?" आधी कुठेतरी त्याने शेक घेतलेला असतो, अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे, दुखऱ्या भागावर ध्वनिलहरी सोडणारं मशीन) झालेलं असतं, आयएफटीचे म्हणजे हलका करंट देणारे पॅड लावून पडून राहिलेला असतो. उपचार म्हणजे हेच, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. व्यायामाचं नाव काढलं की चेहरा उतरतो. "व्यायाम मी घरी करेन, इथे मशीन लावा." आणि आपल्यातले कितीतरी फिजिओ मुकाट्याने लावतात.

माझं मत स्पष्ट आहे. उपयोग होईल असं मानायला आधार नसताना, केवळ पेशंटने मागितलं म्हणून मशीन लावून फी घेणं हा गैरव्यवहार आहे. 'प्रॅक्टिस अशीच चालते' म्हणून तो सोडून देऊ नये.

अल्ट्रासाउंडचंच घ्या. जेल लावलं, हेड गोल गोल फिरवलं, टायमर वाजला, टिश्यूने पुसलं, पुढचा पेशंट आत. जुनाट कंबरदुखीवर याचा उपयोग होतो का, हे तपासणारे अभ्यास कॉक्रेनच्या (उपचारांचे पुरावे पडताळणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढाव्यात एकत्र पाहिले गेले. त्याची बाजू घेणारा दर्जेदार पुरावा हाती लागला नाही. अमेरिकेतल्या फिजिओंच्या संघटनेने २०१४ मध्ये 'विचार केल्याशिवाय करू नका' अशा पाच गोष्टींची यादी काढली. शेक, बर्फ, अल्ट्रासाउंड हे पडून घ्यायचे उपचार पेशंटला व्यायामात उतरवण्यासाठी लागतील तेवढेच वापरा, असं त्यात आहे. त्याच यादीत असंही आहे की वयस्कर माणसांना लुटुपुटूचे व्यायाम देऊ नका, वजन आणि आवर्तनं त्यांच्या ताकदीला जुळवून द्या. हे संघटनेने आपल्याच लोकांना सांगितलंय, बाहेरच्या कुणी आपल्यावर चिखलफेक केलेली नाही.

नुकसान फक्त पैशांचं होत नाही. दिवसामागून दिवस पडून राहणारा माणूस हेच शिकतो की आपलं अंग नाजूक आहे आणि ते दुसऱ्या कुणीतरी दुरुस्त करायचं असतं. ती भीती काढायला नंतर महिने जातात.

विरोधी मतं हवी आहेत. मोकळेपणाने लिहा.

निळं दार

'गैरव्यवहार' हा शब्द फार जड झाला. मी स्वतःचं क्लिनिक चालवतो. दुखण्याने रात्रभर डोळा न लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी "उठा, वाका" म्हणून बघा. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. तो जातो कडाकडा मणके मोडून देणाऱ्या कुणाकडे तरी, ज्याला ना शिक्षण ना कसली आचारसंहिता.

शेकाने जरा बरं वाटलं की पेशंट हात लावू देतो, बोलायला लागतो. तेवढ्या वेळात मी त्याचा विश्वास कमावतो. दुखणं कमी झालं असं तो सांगतो तेव्हा ते कमी झालेलंच असतं, वेदना मोजायला त्याच्या शब्दाशिवाय आपल्याकडे दुसरं आहे काय? आणि पैशांचंही उघड बोलूया. फिजिओंच्या जागतिक संघटनेच्या नैतिक तत्त्वांमध्ये योग्य मोबदला हा आपला हक्क म्हणून लिहिलेला आहे. फी घेणं म्हणजे पाप नव्हे.

सांधेजोड

शेकाने सैल करून लगेच व्यायामाला उतरवत असाल तर आपलं भांडणच नाही. माझा आक्षेप आहे तो टायमर वाजला की "उद्या या" म्हणण्यावर.

मला एवढंच सांगा, मशीन लावताना पेशंटला तुम्ही काय सांगता? "याने थोडा वेळ दुखणं दबेल, खरं काम व्यायामाचं आहे" असं? की "याने सरकलेली गादी जागेवर येईल" असं? पहिलं ऐकून तो हो म्हणाला तर ती संमती. दुसरं ऐकून हो म्हणाला तर ती फसवणूक, मग त्याला कितीही बरं वाटो. मोबदल्याचा हक्क ज्या तत्त्वांत आहे, त्यांतच पेशंटला खरी माहिती देण्याचं बंधनही आहे.

चालतोय हळूहळू

मी पेशंट. कंबरेतून पायात कळ जायची. एका ठिकाणी रोज जायचो. मदतनीस पॅड चिकटवायचा, पडदा ओढायचा, मशीन पीं-पीं करेपर्यंत मी छताकडे बघत पडलेला. फिजिओ मॅडम पडद्याआडून विचारायच्या, "करंट पुरे का?" तेवढाच संवाद. दुखायचं थांबलं की बरं वाटायचं, घरी पोचेपर्यंत पुन्हा तेच.

नंतर दुसरीकडे गेलो तिथे पहिला प्रश्न आला, "दुखण्यामुळे काय करता येत नाही?" म्हटलं, मोजे घालता येत नाहीत. मग सगळा उपचार त्या मोज्यांभोवती फिरला. आज बसून घालतो, उद्या उभं राहून, असं.

पण सांधेजोड, एक तुम्हालाही सांगायचंय. त्या दुसऱ्या ठिकाणीही पहिल्या दिवशी मला हाकलून दिल्यासारखं वाटलं होतं. कागदावर चार चित्रं आणि "हे करा". दुखताना हलायचं कशाला, हे कुणीतरी नीट समजावलं तेव्हाच मी केलं. मशीन बंद करून तुम्ही फक्त कागद हातात देणार असाल, तर पेशंट मशीनच मागणार.

पहिली नोकरी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मशीनचं नाव आणि किती दिवस, सगळं लिहूनच येतं. मी तपासून म्हटलं की याची गरज नाही, तर पेशंट म्हणतो "डॉक्टरांनी लिहिलंय ना?" मालकांचं म्हणणं, चिठ्ठीप्रमाणे कर. एका वेळी तीन खोल्यांत तीन पेशंट, मी एकटी. सगळ्यांना व्यायाम शिकवायचा म्हटलं तर मशीनशिवाय गत्यंतर नाही. एक मशीनवर असतो तेव्हाच दुसऱ्याला उभं करता येतं. आचारसंहिता वाचून मलाही वाईट वाटतं, पण ज्याचा पगार सगळ्यांत कमी त्याच्याच डोक्यावर हा भार का?

जुनं दप्तर

चिठ्ठीचा विषय निघाला म्हणून थोडं मागे जातो. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार नर्सनी मिळून मसाज करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संस्था काढली, तीच पुढे तिथली फिजिओंची मुख्य संघटना झाली. त्या वेळी मसाजच्या पाटीखाली भलतेच धंदे चालत आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्यावर झोड उठवली होती. या चौघींनी सर्वांत आधी वागणुकीचे नियम केले: डॉक्टरांच्या सूचनेशिवाय मसाज करायचा नाही, पुरुषांना सर्वांगाचा मसाज नाही, वैद्यकीय नियतकालिकांबाहेर जाहिरात नाही. आचारसंहिता या पेशाला मागाहून चिकटवलेली नाही, तिच्यातूनच हा पेशा उभा राहिला.

त्यातला डॉक्टरांच्या सूचनेचा नियम पुढे आपणच ओलांडला. ऑस्ट्रेलियातल्या संघटनेने १९७६ मध्ये तो आपल्या नैतिक तत्त्वांतून काढला आणि पेशंटला थेट फिजिओकडे येण्याची वाट मोकळी झाली. पुढे अनेक देशांत तसं झालं. स्वतंत्रपणे तपासण्याचा हक्क मागून घ्यायचा आणि अडचण आली की "चिठ्ठीत होतं" म्हणायचं, हे एकत्र चालणार नाही. कंबरदुखीच्या पेशंटची बैठकीची जागा बधिर झालीय, लघवी अडतेय, दोन्ही पायांतली ताकद जातेय, तर त्याला त्याच दिवशी हॉस्पिटलात पाठवावं लागतं. चिठ्ठी वाचून पॅड चिकटवणाऱ्याच्या हे लक्षातच येणार नाही.

पहिली नोकरी, तुमची कोंडी खरी आहे. पण तुम्ही ज्याला हात लावता त्याची जबाबदारी तुमच्याकडेच येते, मालकाकडे ढकलता येत नाही.

संध्याकाळची ओपीडी

सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून उलट बाजू मांडतो. पेशंट सज्ञान आहे. त्याला खरं सांगितलं, "याचा फार उपयोग नाही", तरी तो म्हणाला "मला बरं वाटतं, लावा", तर नाही म्हणणारे आपण कोण? त्याचा पैसा, त्याचं शरीर. त्रास तर काही होत नाही! पेशंटची इच्छा मानणं हेही नीतिमत्तेतच येतं.

सांधेजोड

"त्रास होत नाही" हे आधी दुरुस्त करते. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला गरम शेकाचा चटका बसला तर त्याला कळतही नाही, फोडच दिसतो. पेसमेकर असलेल्याला शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी आतपर्यंत दिलेला शेक, देणं धोक्याचं आहे. कॅन्सरच्या गाठीवर अल्ट्रासाउंड फिरवायचं नसतं. म्हणून मशीनपूर्वी तपासणी लागते, आणि जिथे मागेल त्याला मशीन मिळतं तिथे नेमकी तीच गाळली जाते.

इच्छेबद्दल म्हणाल, तर पेशंटला उपचार नाकारण्याचा पूर्ण हक्क आहे. जो उपचार आपल्याला निरर्थक वाटतो तो आपल्याकडून करून घेण्याचा हक्क त्याला कुठून आला?

पडद्याआड

संमतीवरून मलाही बोलायचंय. खांद्याच्या दुखण्यासाठी गेले होते. शर्ट काढायला सांगितलं, अंगावर घ्यायला चादर नाही, आणि थेट छातीच्या वरच्या भागावर हात. का, ते सांगितलं नाही. कदाचित तो स्नायू तपासणं गरजेचं असेल. पण मी तिथे पुन्हा गेले नाही. "आता इथे हात लावणार आहे, यासाठी, चालेल ना? सोबत कुणी हवंय का?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? मशीनवर चाललेली चर्चा योग्यच आहे, पण माझ्या मते आचारसंहितेत हे त्याच्याही आधी येतं.

सांधेजोड

पडद्याआड, शंभर टक्के. आधी सांगून मगच हात लावायचा, आणि लागेल तेवढाच भाग उघडा ठेवायचा. यावर दुसरं मत असूच शकत नाही.

आकडेमोड

तुम्ही सगळे एकट्या फिजिओच्या सद्सद्विवेकावर बोट ठेवताय. मालकी कुणाची, हे कुणी बघत नाही. १९९२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये फ्लोरिडातला एक अभ्यास आला होता. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांचीच जिथे भागीदारी होती, त्या फिजिओथेरपी केंद्रांत दर पेशंटमागे ३९ ते ४५ टक्के जास्त भेटी होत होत्या. आणि भागीदारी नसलेल्या केंद्रांत परवानाधारक फिजिओ आणि त्यांचे सहायक दर भेटीत पेशंटला सुमारे ६० टक्के जास्त वेळ देत होते. म्हणजे एकीकडे फेऱ्या जास्त आणि जाणकाराचा हात कमी. पहिली नोकरी यांच्या तीन खोल्या यातूनच येतात. पेशंट पाठवण्याचे पैसे घेणं-देणं बंद करा, आधी ते. नुसते नीतीचे धडे पगारी फिजिओला देऊन उपयोग नाही.

वॉकर ते काठी

आईला पक्षाघात झाल्यापासून फिजिओंचं काम जवळून बघतेय. माझी विनंती, सगळी मशीनं एकाच माळेत ओवू नका. तिच्या मनगटाला करंट देताना फिजिओ तिला म्हणायचे, "करंट आला की तुम्ही स्वतःही वर उचला." ते मशीन तिच्याकडून काम करवून घेत होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू जागा करायलाही करंट वापरतात, आणि त्याला पुरावा आहे असं वाचलंय. उद्या हा धागा वाचून कुणी तेही नाकारेल.

सांधेजोड

बरोबर, आणि हा फरक मीच वर लिहायला हवा होता. स्नायूला कामाला लावणारा करंट वेगळा, पडल्या पडल्या मुंग्या आणणारा वेगळा.

आकडेमोड, मालकीचा मुद्दा मान्य. पण ते बदलेपर्यंत थांबणार का? पहिली नोकरी, आजपासून करता येईल असं सांगते. पहिल्या दिवशी केसपेपरवर लिहा, पेशंटला काय जमत नाही: मोजे, जिना, मूल उचलणं. चिठ्ठीतलं मशीन लावलंत तर कशासाठी, तेही लिहा. काही भेटींनंतर तेच पुन्हा तपासा. फरक नसेल तर तो कागद घेऊन मालकांशी आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोला. कागदावर लिहिलेलं कुणाला सहज उडवून लावता येत नाही.

निळं दार

केसपेपरचं पटलं. गादी जागेवर येते असं मी कधीच सांगत नाही, पण मशीन लावताना गप्प राहिलो की पेशंट तसंच धरून चालतो, तेही मान्य. तरी माझा मूळ प्रश्न तसाच आहे. मशीनला लोक बिनतक्रार पैसे देतात. अर्धा तास बसून व्यायाम शिकवला, की म्हणतात, "मॅडम/सर, आज तर काही केलंच नाही, फी कसली?" यावर तुमच्याकडे काय उत्तर आहे?

सांधेजोड

मी फी वेळेची लावते आणि ती फोनवरच सांगते: तपासणी आणि व्यायामाचा एवढा वेळ, त्याचे एवढे. मशीन लागलं तर त्याचे वेगळे पैसे नाहीत, त्यामुळे ते लावण्यात मला काही फायदा उरत नाही. हे ऐकून काही जण येत नाहीत. तेवढं उत्पन्न कमी झालं, अजूनही कमीच आहे. पण जे येतात ते व्यायाम करायचाय हे ठरवून येतात.